स्प्रिंगचं किती, हाताचं किती

जिन्याखाली शिरताना माझं डोकं आपोआप वाकलं. बत्तीस वर्षं मी त्या जागेत पाऊल टाकलं नव्हतं, पण मानेला बरोबर ठाऊक होतं की आत शिरतानाच एक लाकडी तुळई आहे आणि न वाकणाऱ्याचा तिथे कपाळमोक्ष होतो. मला माझ्याच मानेचा राग आला. एवढ्या निग्रहाने टाळलेली जागा जर मानेत मुक्काम ठोकून बसली असेल, तर इतकी वर्षं टाळून मी मिळवलं काय?

बाबा माझ्या आधीच येऊन स्टुलावर बसले होते. एक्याऐंशी वर्षांचे बाबा, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, जणू आज गिऱ्हाईक यायचंय. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर होणार आहे. वरच्या खोल्या महिन्यापूर्वीच रिकाम्या झाल्या, आमची दुसऱ्या मजल्यावरचीही. उरलं होतं ते हे जिन्याखालचं खोपट, जिथे बाबांनी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. बिल्डरचा माणूस सकाळीच बजावून गेला होता, "ताई, दोन वाजेपर्यंत खाली करा हां. नंतर आपण पत्रे मारणार." मी एकुलती एक मुलगी, तेव्हा यायला दुसरं होतं कोण?

"तू कित्याक इलंस?" बाबा म्हणाले. "रविवार फुकट तुझो."

"तुम्हाला एकट्याला उचलवणार आहे का हे सगळं?" मी म्हटलं, आणि गरज नसताना खेकसून म्हटलं. बाबांशी माझं बोलणं असंच असतं. डॉक्टरकडे नेते, गोळ्या आणते, सणाला जाते, सगळं वेळच्या वेळी करते आणि सगळं खेकसत करते.

वास मात्र तसाच होता. मशीनचं तेल, रॉकेल, पितळ घासायची चिंच, आणि या सगळ्यांच्या वर मिरचीचा खाट. मागच्या गल्लीत मसाल्याची दुकानं आहेत. फाल्गुन सरला की तिथे बायकांची रांग लागायची, मिरच्या कांडणारी यंत्रं दिवसभर धडधडायची आणि सगळी चाळ शिंकत असायची. त्या दोन-तीन महिन्यांत बाबा तोंडाला ओला रुमाल बांधून काम करत, कारण शिंक आली की हात हलतो आणि हात हलला की सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून. माझ्याही नाकावर एक लहानसा रुमाल बांधत. आई वरच्या गॅलरीतून दोरीने चहाची किटली खाली सोडायची आणि आम्हाला बघून ओरडायची, "काय दरोडेखोरांसारखे बसलायत दोघं!" ती किटली, ती दोरी, ती ओरडणारी आई, यातलं आता काही नाही. खाट तेवढा आहे. आत शिरल्या शिरल्या मला शिंक आली आणि बाबांनी सवयीने खिशातला रुमाल पुढे केला. मी घेतला नाही.

तुळईला लोखंडी हूक, आणि हुकाला थोरला. अजून तसाच. थोरला म्हणजे बाबांचा स्वतःचा ताणकाटा, हुकाला लावलेल्या ओझ्याने स्प्रिंग ताणून वजन दाखवणारा, ताटाएवढ्या पितळी तोंडाचा, काळ्या सुईचा. गिऱ्हाइकांचे काटे यायचे आणि जायचे, रद्दीवाल्यांचे, कोळणींचे, घरोघर गॅसचे सिलेंडर पोचवणाऱ्यांचे. थोरला कुठे जात नसे. बाबांचा त्याच्यावर घरच्या गणपतीइतका विश्वास, आणि गणपतीची निदान वर्षातून एकदा बोळवण तरी होई.

बिघडलेला काटा आला की बाबा त्याचं तोंड उघडून आतली स्प्रिंग काढत, रॉकेलात धूत, कोरडी पुसत आणि थोरल्याच्या हुकात अडकवत. खालच्या टोकाला एक लाकडी मूठ लावत. बाजूच्या भिंतीवर बोटाबोटाच्या अंतराने पेन्सिलीच्या रेघा होत्या. बाबा मूठ धरून स्प्रिंग खाली ओढायचे, एक रेघ, दुसरी, तिसरी, प्रत्येक रेघेला सारखाच वेळ देत. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं, समोर गिरणी होती. मागांचा ठोका रस्ता ओलांडून, भिंतीतून, स्टुलाच्या पायांतून आमच्या अंगात यायचा आणि दर चार ठोक्यांना बाबांची मूठ एक रेघ उतरायची. माझं काम सुईकडे बघायचं. दर रेघेला सुई सारखीच सरकली तर स्प्रिंग जिवंत. कुठे रेंगाळली तर तिथे स्प्रिंग थकली. मी ओरडायची, "बाबा, चौथीला रेंगाळली!" आणि बाबा खडूने त्या जागी खूण करत. माझ्या डोळ्यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

सात-आठ वर्षांची असताना एकदा मी हट्टाने मूठ मागून घेतली आणि हौसेने खसकन ओढली. सुई भुर्रकन धावली. मी टाळ्या पिटल्या, केवढी ताकदवान स्प्रिंग! बाबांनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली.

"सुई दोघांचा सांगता गो बाय. स्प्रिंगचा नि हाताचा. हात एका चालीत ठेवलंस तर जा काय सांगता ता स्प्रिंगचा. हात चुकलो की सुई तुझाच सांगता."

मग त्यांनी माझ्या मुठीसकट स्प्रिंग ओढली, चार ठोके, एक रेघ, चार ठोके, एक रेघ. त्यांच्या तळव्याला तेलाचा वास होता. एका बोटाला स्प्रिंग किती मागते आणि हात सेकंदाला किती बोटं चालतो, या दोन गोष्टींच्या गुणाकाराने सुई धावते, हे मला तिथे कळलं. शब्दांत नाही कळलं, दंडात कळलं. एकात एक घातलेल्या दोन स्प्रिंगांचे मोठे काटे असत. त्यांत आधी बाहेरची स्प्रिंग ताणली जाते, मग आतली तिच्या मदतीला येते. तिथे हात त्याच चालीने गेला तरी पुढे पुढे सुई जास्त घाई करते. बाबा मध्येच थांबून विचारायचे, "ह्या जाग्यार बोटाक किती मागता?" म्हणजे सुरुवातीला किती मागत होती ते विसर, शेवटी किती मागेल तेही सोड, आत्ता जिथे आहेस तिथून केसभर पुढे जाऊन बघ आणि सांग. मी बघायची आणि सांगायची.

दसऱ्याला थोरल्याला झेंडूचा हार असे. चिंचेने घासून त्याचं तोंड लखलखीत केलेलं. त्या दिवशी बाबा त्याच्या हुकाला काहीही अडकवू द्यायचे नाहीत, वर्षभर दुसऱ्यांची ओझी पेलतो, एक दिवस त्यालाही रिकामं लटकू दे म्हणायचे. आणि माझ्या वाढदिवशी उलट. गोणपाटाची झोळी करून मला तिच्यात बसवायचे आणि झोळी थोरल्याला टांगायचे. मी पाय पोटाशी घेऊन गोल गोल फिरत असायची, खाली बाबा सुई थांबायची वाट बघत उभे. "हसू नको, सुई हसता," म्हणायचे. त्यामुळे जास्तच हसू यायचं. दहाव्या वाढदिवसापर्यंत झोळी टिकली, मग फाटली.

मी दहावीत असताना समोरच्या गिरणीचा ठोका बंद पडला. शांततेने जाग येते हे मला त्या सकाळी समजलं. आठवडाभर बाबांचा हात चुकत राहिला. मसाल्याच्या यंत्रांवर ते वैतागायचे, "तेंका ताल नाय." मग एक दिवस पाहिलं तर त्यांचा डावा पाय जमिनीवर ठोका धरून होता. गिरणी गेली ती त्यांच्या पायात राहायला आली होती. मीही शिकले. अजूनही इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात फायली लावताना माझा पाय तो ठोका धरतो आणि शेजारच्या टेबलवरची मुलगी म्हणते, मॅडम, आज काय गाणं? मी सांगत नाही. समोर आता काचेची इमारत आहे. तिच्यातून कसलाही आवाज येत नाही, आणि मला ती बघवत नाही.

मराठी शाळेतून दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून दादरच्या कॉलेजात सायन्सला गेले. परळच्या पुलापलीकडे दोन स्टॉपांवर दुसरं जग होतं. तिथे गणित इंग्रजीत होतं, आणि मुली एकमेकींना आडनावाने ओळखत होत्या. बारावीला गणिताचे सर चेन रूल शिकवत. फळ्यावर डीएफ बाय डीटी, म्हणजे जोर किती वेगाने बदलतो ते, लिहायचे, बरोबर डीएफ बाय डीएक्स गुणिले डीएक्स बाय डीटी, आणि मग खडूने दोन्ही डीएक्सवर तिरकी रेघ मारून म्हणायचे, "कॅन्सल. फिनिश्ड." मला प्रत्येक वेळी बाकावरून उठून म्हणावंसं वाटे, अहो, जे खोडताय तिथेच तर सगळं आहे! पहिला तुकडा स्प्रिंगचा, दुसरा हाताचा, आणि तुमचा तो डीएक्स म्हणजे बाबांच्या भिंतीवरची रेघ, जिथे दोघं एकमेकांना भेटतात. पण हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला येत नव्हतं. तेव्हा मी गप्प बसत असे, आणि गप्प बसणाऱ्याला तिथे मठ्ठ समजत.

पूर्वपरीक्षेत गणित आलं. एका स्प्रिंगचा जोर ताणाच्या वर्गाच्या तिप्पट आहे, ती सेकंदाला दोन सेंटिमीटर ओढली जाते, ताण पाच सेंटिमीटर असताना जोर किती वेगाने वाढतो? मी वाचलं आणि मला चक्क मिरचीचा खाट आला. ही तर एकात एक घातलेल्या स्प्रिंगांसारखी, पुढे पुढे हट्ट करणारी. मी शेवटच्या पानावर गेले. पाचला जोर पंचाहत्तर. केसभर पुढे, पाच पूर्णांक एक शतांशला, जवळपास पंचाहत्तर पूर्णांक तीन दशांश. म्हणजे ह्या जागेवर सेंटिमीटरला तीस मागते. हात सेकंदाला दोन सेंटिमीटर चालतो. तीस दुणे साठ. पान परत उलटलं आणि उत्तराच्या जागी घाईने मराठीत लिहिलं, इथे स्प्रिंग सेंटिमीटरला तीस मागते आणि हात सेकंदाला दोन जातो, म्हणून जोर सेकंदाला साठने वाढतो. इंग्रजी पेपरात मराठीत लिहितेय हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही. दोन वर्षांत त्या कॉलेजात पहिल्यांदाच मला घरी आल्यासारखं वाटत होतं.

पेपर परत देताना सरांनी मला उभं केलं.

"सिक्स्टी. हे कुठून आलं?"

"हाताने, सर."

वर्ग खदखदून हसला. मी खरं तेच सांगितलं होतं. त्या प्रश्नाचं दुसरं उत्तर मला आजही सुचत नाही.

"हाताने म्हणजे?"

"म्हणजे... ओढून, सर. स्प्रिंग ओढली की..."

पुढचं हशात बुडालं. शेजारच्या बाकावरच्या मुलीचंही उत्तर साठ होतं, रीतसर पायऱ्यांसकट. सरांनी दोन्ही पेपर शेजारी शेजारी धरले आणि निकाल लागला. स्टेप्स नाहीत, आन्सर बरोबर, म्हणजे कॉपी. "सर, शेवटच्या पानावर..." मी म्हटलं. त्यांनी पान उलटलं नाही. एक पान! माणसाला पान उलटायला किती जोर लागतो, तो किती वेगाने लावावा लागतो, याचंही त्यांनी एकदा गणित घालायला हवं होतं. लेखी कबुली द्यायची, पालकांची सही आणायची, नाहीतर बोर्डाच्या परीक्षेला बसू देणार नाही असं सांगून ते पुढच्या मुलाकडे वळले.

मी घाबरले नव्हते. उलट धावत घरी आले, कारण मला वाटलं, आता बाबा येतील. जगात एकच माणूस होता ज्याला तो साठ कुठून आला हे ठाऊक होतं. मी या खोपटात, याच स्टुलाशी उभी राहून त्यांना सगळं सांगितलं, स्प्रिंग अशी, हात असा, उत्तर एवढं. बाबांनी ऐकलं, डोळे मिटून थोडा वेळ मनात ओढून पाहिलं असावं, कारण त्यांचा पाय ठोका धरून होता.  दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माझ्याबरोबर दादरला आले.

सरांच्या खोलीत ते बसले नाहीत. खुर्ची होती, पण बसले नाहीत. सर त्यांच्याशी इंग्रजीत बोलले, पूर्ण वेळ, आणि बाबा मान हलवत राहिले. मी म्हटलं, "बाबा, सांगा ना यांना." बाबांनी माझ्या कोपराला हलकेच हात लावला. गप्प बस म्हणायची त्यांची ती पद्धत होती. कबुलीचा कागद टेबलावर तयार होता. माझ्या मुलीने परीक्षेत नक्कल केली, पुन्हा असं होणार नाही. बाबांनी तो नीट वाचला. मग शुद्ध, परक्या मराठीत म्हणाले, "चुकलं तिचं, साहेब. लहान आहे." आणि सही केली. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, दुसरं कुठे बघणार? हात जराही हलला नाही. ज्या चालीने स्प्रिंगा ओढायचे त्याच चालीने त्यांनी नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, खाली रेघ ओढली.

परत चालत आलो. नाक्यावर रसाचं गुऱ्हाळ होतं, घुंगरांचा आवाज करणारं, आलं-लिंबू घालून रस देणारं. बाबांनी दोन ग्लास सांगितले. मी माझा ग्लास हातात घेतला नाही. बाबा त्यांचा प्याले, आणि माझ्याकडे बघून मग माझाही प्याले. त्या दुसऱ्या ग्लासाबद्दल मी त्यांना सहीइतकीच क्षमा केलेली नाही. तो ग्लास रस्त्यावर ओतून द्यायचा होता, फोडायचा होता, निदान तसाच ठेवून निघायचं होतं. त्याऐवजी त्यांनी तो सावकाश संपवला आणि ओठ पुसले.

त्या दिवसापासून मी जिन्याखाली गेले नाही. लग्न होईपर्यंत रोज याच पायऱ्यांवरून चढले-उतरले, खाली बाबांच्या पायाचा ठोका ऐकू यायचा, मी पाय आपटत जायची म्हणजे त्यांचा ताल चुकावा. बारावी कशीबशी झाली. सायन्स सोडलं. "सोडू नको," एवढंही बाबा म्हणाले नाहीत. आई म्हणायची, "अगो, जाऊ दे आता, किती दिवस धरून बसशील?" मी धरून बसले. माझ्या मुलीला बारावीचं गणित मी शिकवलं, चेन रूल शिकवला, केसांचं रबर दाराच्या कडीला बांधून ओढून दाखवलं. तिला एका मिनिटात समजलं. तिने मला विचारलं, "आई, तू इंजिनिअर का नाही झालीस गं?" मी तिच्यावरही खेकसले.

तर हे सगळं मनात ढवळत होतं आणि मी खोक्यांत पक्कडी, कानशी, तेलाच्या बुधल्या भरत होते. बाबा स्टुलावर बसून स्प्रिंगांचा डबा उघडून बसले होते. कुठल्या ठेवायच्या, कुठल्या टाकायच्या. एकेक स्प्रिंग काढायचे, थोरल्याला अडकवायचे, मूठ लावून ओढायचे, सुईकडे बघायचे, आणि स्प्रिंग भंगाराच्या पिशवीत टाकायचे. माझी पाठ होती. मला नुसता आवाज येत होता. खण्ण. थोड्या वेळाने पुन्हा खण्ण. सहाव्या-सातव्या वेळी मी वळून बघितलं.

"सगळ्याच टाकताय की काय?"

"गेली गो ही पण," बाबा म्हणाले. "बघ, सुई नाचता."

सुई खरंच नाचत होती. पुढे जाऊन मागे येत होती, थांबत होती, उडत होती. मी सुईकडे बघितलं आणि मग, कुणीतरी लहानपणी शिकवलं होतं म्हणून, मुठीकडे बघितलं. बाबांचा हात थरथरत होता. दोन वर्षांपासून थरथरतोय, चहा सांडतो, सदऱ्याची बटणं मला लावावी लागतात, डॉक्टरकडे मीच नेते. पण मुठीवरचा तो हात मी पहिल्यांदाच बघत होते. पायाचा ठोका मात्र अगदी नीट होता, चार ठोके, चार ठोके. पाय बोलावत होता आणि हात येत नव्हता.

दुसऱ्या कुठल्या मुलीने म्हटलं असतं, हो बाबा, जुनी झाली, टाका. मला ते सुचलं, खोटं नाही सांगत. तोंडावर आलं होतं. आणि मग माझ्या डोळ्यांपुढे ती सही आली. चांगलं असलेलं वाईट म्हणून लिहून द्यायचं, आणि पिशवीत टाकायचं. पुन्हा तेच. पुन्हा याच माणसाच्या हातून, आणि आता मी पण त्याला मान हलवायची? माझं डोकं सणकलं.

"स्प्रिंग नाही गेली," मी म्हटलं. "तुमचा हात हलतोय. चांगल्या स्प्रिंगा टाकताय तुम्ही. सगळ्या चांगल्या आहेत त्या."

केवढ्याने म्हटलं कोण जाणे. बाहेरून बिल्डरच्या माणसाने डोकावून बघितलं आणि तो निघून गेला.

बाबांनी आपल्या हाताकडे बघितलं.  मग मूठ सोडली, स्टुलावरून उठले, भिंतीला धरून बाजूला झाले.

"मगे तू ओढ."

"मी कशाला? दोन वाजत आले."

"ओढ. मी बघतंय."

मी मूठ धरली. लाकडाला त्यांच्या हाताचा आकार आलेला होता आणि माझी बोटं त्यात बसली नाहीत, मग सरकवून सरकवून बसली. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण होत्या. मी पायाने ठोका धरला. चार ठोके, एक रेघ. चार ठोके, दुसरी. दंडाला सगळं ठाऊक होतं, मानेला तुळई ठाऊक होती तसंच. स्प्रिंग मागत होती तेवढं मी देत होते. मी सुईकडे बघितलंच नाही, बघायचं काम आता त्यांचं होतं. ते माझ्या जुन्या जागी उभे होते, मान वर करून, डोळे बारीक करून. चौथी रेघ. पाचवी.

"बरोबर," बाबा म्हणाले.

"काय बरोबर?"

"तुझा." ते सुईकडेच बघत होते. "आजचा. नि त्या दिवसाचा पण. साठ."

साठ. त्यांना आकडा आठवत होता. बत्तीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवला, माझ्या लग्नात पाहुण्यांना पानसुपारी दिली, आईला घाटावर पोचवून माझ्याच खांद्याला धरून परत आला, आणि तो आकडा त्याच्याकडे होता. मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, नवाकोरा, पहिल्या दिवसासारखा.

"मग त्याला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. "तिथे, त्या खोलीत, का नाही सांगितलंत बाबा? मला फक्त एवढंच हवं होतं. मार्क नको होते. तुम्ही एकदा 'बरोबर' म्हणायला हवं होतं, त्याच्यासमोर!"

 बाहेर पत्र्याच्या गाडीचा मागचा फाळका खाली आपटल्याचा आवाज झाला. बाबांनी खिशातून तो रुमाल काढला, माझ्यापुढे धरला, मी घेतला नाही तेव्हा पुन्हा खिशात ठेवला. त्यांची नजर एकदाही सुईवरून हटली नव्हती. मूठ न सोडता मीही मग तिकडे बघितलं. सुई पुढे-मागे उडत होती, थरथरत होती, एका जागी ठरत नव्हती.

"हात हलता तुझो," बाबा हळूच म्हणाले. "नीट धर."